कृत्रिम पाऊस: माण-खटाव, जत-आटपाडीच्या ढगांत नेमकं कमी काय आहे?

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीच्या आकाशात आयआयटी कानपूरच्या विमानाने ढगांमध्ये क्षारांचा फवारा केला. पाऊस मात्र नावापुरताच पडला, कारण त्या ढगांत ओलावाच फार कमी होता. त्यानंतर दोन दिवस सोशल मीडियावर विनोद फिरले आणि विषय संपला. आपल्या भागात तो इतक्या सहज संपत नाही. जूनचा पाऊस लांबला की सातारा आणि सांगलीच्या पूर्व भागातून मागणी येते, "विमान आणा, कृत्रिम पाऊस पाडा." म्हणून विमानाच्या आधी ढग समजून घेऊया. त्यातही ढगांतले कण, कारण सगळा खेळ त्यांचाच आहे.

कणाशिवाय थेंब नाही

हवेतली वाफ आपोआप थेंब बनत नाही. तिला बसायला काहीतरी लागतं. हवा अगदी शुद्ध, एकही कण नसलेली असेल, तर थेंब तयार व्हायला आर्द्रता १०० टक्के पुरत नाही, ती काही शेकडा टक्के लागेल. प्रत्यक्षात १०० च्या किंचित वर गेली तरी ढग तयार होतो, कारण हवेत कण तरंगत असतात. समुद्राचं मीठ, माती, धूर, परागकण, कारखान्यांतून आणि गाड्यांतून आलेले सल्फेट. या सगळ्यांना मिळून एरोसोल म्हणतात.

यातले काही कण थेट हवेत येतात, जसं की धूळ किंवा चुलीचा धूर. काही हवेतच जन्माला येतात. कोळसा आणि डिझेल जळताना निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडपासून सल्फ्युरिक आम्ल बनतं. त्याला शेणखतातून आणि युरियातून सुटलेला अमोनिया चिकटतो, झाडांतून येणारी बाष्पं जोडली जातात आणि वायूपासून कण तयार होतो. सुरुवातीला तो एक-दोन नॅनोमीटरचा असतो. थेंबाला आधार द्यायचा तर तो वाढून साधारण ५० ते १०० नॅनोमीटर व्हावा लागतो.

कण प्रवासात बदलतात, हेही महत्त्वाचं. ताज्या धुरातल्या काजळीवर पाणी टिकत नाही, जसं तेलकट तव्यावर टिकत नाही. पण काही तास किंवा एखाद-दुसरा दिवस हवेत राहिली की तिच्यावर सल्फेटचा आणि सेंद्रिय पदार्थांचा थर चढतो आणि तीच काजळी पाणी ओढायला लागते.

ढगात बसलेली प्रयोगशाळा

हे सगळं मोजायची देशातली एक महत्त्वाची जागा सातारा जिल्ह्यातच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा सुरू केली. उंची सुमारे १,३५० मीटर. पावसाळ्यात ढग इथे जमिनीला टेकतात, त्यामुळे विमान न उडवता उपकरणं ढगाच्या आत असतात. हवेत कण किती, कोणत्या आकाराचे, कशाचे बनलेले आणि त्यातले किती थेंब बनवू शकतात, याची नोंद तिथे होते. वायूपासून नवे कण तयार होण्याच्या घटनाही तिथे टिपल्या गेल्या आहेत.

आता भूगोल बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकत माण तालुक्यात आलात की आकडा ५०० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. ढग घाट चढताना थंड होतात आणि बरसतात. पुढे हवा खाली उतरते, तापते आणि ढग विरतात. हीच पर्जन्यछाया. पवनचक्क्या ढग पळवतात असं आजही आपल्याकडे ऐकू येतं. त्यावर माझं एकच उत्तर असतं: १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा वनकुसवड्याच्या पठारावर एकही पवनचक्की नव्हती.

कण कमी नाहीत, चुकीच्या मापाचे आहेत

बहुतेकांची समजूत अशी की पूर्वेच्या ढगांत "बीज" नसतं, म्हणून ते विमानाने पेरायचं. खरं चित्र जवळपास उलटं आहे. जमिनीवरून आलेल्या हवेत बारीक कण भरपूर असतात, बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त.

एक उदाहरण घ्या. टँकर तेवढाच, पण पाणी घ्यायला शंभर घरांऐवजी हजार घरं आली, तर प्रत्येकाच्या वाट्याला तांब्याभरच येणार. ढगात हेच होतं. ओलावा तेवढाच आणि कण जास्त, मग थेंब पुष्कळ पण बारीक होतात. पावसाचा एक थेंब बनायला ढगातले साधारण दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात, आणि सगळेच बारीक असले की ते एकमेकांवर आदळून मोठे होत नाहीत. ढग दिसतो काळा, पण बरसत नाही. 

म्हणून अशा ढगात आणखी बारीक कण टाकून उपयोग नाही. तिथे मोठे, पाणी ओढणारे मिठासारखे कण लागतात. त्यांच्यावर मोठे थेंब लवकर बनतात आणि खाली येताना बाकीच्यांना गोळा करतात. थंड, उंच ढगांसाठी सिल्व्हर आयोडाइड वापरतात, ती पद्धत वेगळी.

मग उसाचं पाचट जाळल्याने पाऊस पळतो का? थेट संबंध जोडता येत नाही. असे कण हवेत साधारण आठवडाभर टिकतात. पाचट जळतं ऊसतोडीच्या हंगामात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर. तो धूर जुलैच्या ढगात नसतो. पाचट जाळू नये याची कारणं वेगळी आहेत: आपली फुफ्फुसं आणि जमिनीचा सेंद्रिय कर्ब. ती पुरेशी आहेत, पावसाची भीती दाखवायची गरज नाही.

सोलापूरने काय दाखवलं

मिठाच्या कणांचा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. फलटणला लागून असलेल्या बारामती परिसरात आयआयटीएमने १९७३ ते १९८६ या काळातल्या ११ पावसाळ्यांत तो केला आणि पावसात सुमारे २४ टक्के वाढ नोंदवली. त्यानंतरचा मोठा प्रयोग सोलापूरला, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात. विमानं, रडार आणि पर्जन्यमापकांच्या मदतीने २७६ ढग तपासले गेले. काहींत क्षार पेरले, काहींत मुद्दाम नाही, म्हणजे तुलना करता यावी. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पेरणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात पाऊस सरासरी १८ टक्के वाढला.

१८ टक्के म्हणजे वर्षाच्या पावसाच्या १८ टक्के नव्हे. योग्य ढग आला, पेरणी झाली, तर त्या ठिकाणी २० मिलिमीटरऐवजी साधारण साडेतेवीस. आणि एकटा जत तालुकाच १०० चौरस किलोमीटरच्या कितीतरी पट मोठा आहे.

या प्रयोगातून मिळालेलं जादा पाणी ८६.७ कोटी लिटर आणि खर्च लिटरमागे १८ पैसे सांगितला गेला. आपल्या भाषेत आणू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे हे पाणी झालं ०.०३ टीएमसी. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे. टेंभू किंवा म्हैसाळ योजनेला हा पर्याय होऊच शकत नाही. पण दुसऱ्या बाजूनेही बघा: तेवढंच पाणी सुमारे २१ हजार एकरांवर १० मिलिमीटरचा एक पाऊस देतं. बाजरी फुलोऱ्यात असताना तो मिळाला तर त्याची किंमत शेतकऱ्यालाच माहीत.

मग विचारायचं काय?

ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर पोचली होती आणि त्याच महिन्यात औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, कृत्रिम पावसाची विमानं उडत होती. ढग कुठे येणार हे वारा आणि घाट ठरवतात. आपण फार तर आलेल्या ढगाला थोडा हात देऊ शकतो.

माझं मत असं, की कृत्रिम पाऊस ना थोतांड आहे ना दुष्काळावरचा इलाज. तो पाऊस असताना करायचा उद्योग आहे. आपल्याकडे घोषणा होते ती नेमकी आकाश कोरडं पडल्यावर. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,००० कोटींचं 'मिशन मौसम' मंजूर केलं, त्यात पुण्याला ढगांचे प्रयोग बंदिस्त जागेत करता येतील असा क्लाउड चेंबर उभारायचं ठरलं. विज्ञान पुढे सरकतंय, निर्णयाची पद्धतही सरकायला हवी.

म्हणून पुढच्या वेळी योजना जाहीर झाली की आमदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना चार प्रश्न विचारा. रडार जूनच्या आधी लागणार का? पेरणी कोणत्या ढगांत, कोणत्या कणांची? न पेरलेल्या ढगांशी तुलना होणार का? आणि गावागावातल्या पर्जन्यमापकांचे आकडे लोकांसमोर ठेवणार का? चारही उत्तरं "हो" आणि स्पष्ट असतील तर पैसे खर्च व्हायला हरकत नाही. नसतील, तर तेच पैसे टेंभूच्या पोटकालव्यात घातलेले बरे.