शेवटचा हात

घराच्या नूतनीकरणात पाहुण्याची नजर प्रथम सांध्यांवर जाते. महागड्या फरशीच्या फटी वेड्यावाकड्या राहिल्या, तर सारा खर्च झाकोळतो. उलट, साध्या टाइल्स 2 मिलिमीटरचे स्पेसर लावून बसवल्या आणि मिळत्या रंगाचे ग्राउट भरले, तर तीच खोली भारदस्त वाटते. प्लायवुडच्या कडांना एजबँड, ओटा व भिंत यांच्या सांध्यात सिलिकॉनची एकसंध बारीक रेघ, एका पातळीत बसवलेले स्विचबोर्ड, चौकटीला नेमके भिडणारे स्कर्टिंग; या कामांना साहित्य थोडे, सबुरी फार लागते.

नेमकी हीच कामे शेवटी येतात. तेव्हा वास्तूचा मुहूर्त जवळ आलेला असतो आणि कारागिराचे लक्ष पुढच्या कामाकडे लागलेले असते. म्हणून एकूण रकमेपैकी 5 ते 10 टक्के राखून ठेवण्याची अट आरंभीच लेखी करावी. काम संपताना कंत्राटदारासह प्रत्येक खोली पाहावी. भिंतीलगत दिवा धरल्यास पुट्टीचे उंचवटे लगेच दिसतात. उणिवांची यादी करून तिच्यावर दोघांनी सही करावी. यादी पूर्ण होताच मात्र राखीव रक्कम त्याच दिवशी चुकती करावी. कारागिराचे हक्काचे पैसे अडवणे हा सचोटीचा व्यवहार नव्हे.