विश्लेषण : वसईचे संत गोन्सालो गार्सिया ‘आणि सहकारी’ या शब्दांत का हरवतात?

जगभरच्या कॅथलिक चर्चच्या कॅलेंडरमध्ये ६ फेब्रुवारीपुढे ‘संत पॉल मिकी आणि सहकारी’ अशी नोंद असते. या सहकाऱ्यांमध्ये एक जण वसईचा आहे. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा (२००८) आणि देवसहायम पिल्लई (२०२२) यांना संतपद मिळाले, तेव्हा ‘पहिले भारतीय संत’ असा उल्लेख अनेक ठिकाणी झाला. प्रत्यक्षात अल्फोन्सा या पहिल्या भारतीय महिला संत, तर पिल्लई हे पहिले भारतीय प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेले संत. गोन्सालो गार्सिया यांना संतपद मिळाले ८ जून १८६२ रोजी. वसईकरांना ही दुरुस्ती दर वेळी नव्याने करावी लागते.

गोन्सालो कोण होते?

पोर्तुगीज अमलाखालच्या वसईत १५५६-५७ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक, असे सामान्यतः मानले जाते. शिक्षण जेज्विट धर्मगुरूंकडे झाले. किशोरवयातच ते त्यांच्यासोबत जपानला गेले, तिथली भाषा उत्तम शिकले आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. संघात रीतसर प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. आशियाई रक्ताच्या उमेदवारांना सामावून घेताना तेव्हाचे युरोपीय धर्मसंघ हात राखूनच असत. गोन्सालो बाहेर पडले आणि व्यापार करू लागले. धंद्यात जमही बसला. पुढे मनिलात त्यांनी व्यापार सोडला आणि फ्रान्सिस्कन संघात धर्मगुरू नव्हे, तर साधे ब्रदर म्हणून प्रवेश घेतला.

एका अर्थाने हे करिअर दोनदा शून्यापासून सुरू झाले.

दुभाषाचे काम किती जोखमीचे?

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना दूत म्हणून जपानला पाठवले. गोन्सालो त्यांचे दुभाषे होते. समोर होते जपानचे सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी, आणि फिलिपिन्सने आपले मांडलिकत्व पत्करावे ही त्यांची मागणी होती. अशा बैठकीत एक शब्द चुकला तरी गळ्याशी येते. बोलणी निभावली. फ्रान्सिस्कनांना क्योतोत राहता आले. तिथे त्यांनी चर्च बांधले, कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय चालवले.

मग क्रूस का?

इथे श्रद्धेच्या कथेत सहसा गाळला जाणारा भाग येतो. मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम हिदेयोशींनी १५८७ मध्येच काढला होता. तरीही फ्रान्सिस्कन उघडपणे धर्मप्रसार करत होते. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यावरचा माल जप्त झाला. स्पेन आधी मिशनरी पाठवतो आणि मागून सैन्य, अशी बढाई जहाजावरच्या सुकाणूधारकाने मारली, असे सांगितले जाते. त्याने काहीही म्हटले असो, हिदेयोशींची भीती निराधार नव्हती. फिलिपिन्स डोळ्यांसमोर होते. क्रूस आणि तोफ एकाच जहाजातून उतरताना वसईनेही पाहिले होते. शिक्षेची क्रूरता याने कमी होत नाही. पकडलेल्या बहुतेकांचे कान कापण्यात आले, भर थंडीत सुमारे महिनाभर त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत नेण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत १७ सामान्य जपानी भाविक होते. सर्वांत लहान मुलगा १२ वर्षांचा होता.

आजच्या भाविकांनी यातून काय घ्यावे?

वसईत गोन्सालो यांच्या नावाने महाविद्यालय आहे, गासला चर्च आहे. १९९८ मध्ये स्वतंत्र झालेल्या वसई धर्मप्रांताचे ते आश्रयदाते संत आहेत. पण त्यांची आठवण निघते ती प्रामुख्याने शेवटच्या दिवसाची. नागासाकीच्या त्या सकाळेइतकीच, किंबहुना थोडी जास्त, चर्चा त्याआधीच्या पंचवीसेक वर्षांची व्हायला हवी. लोकलने रोज चर्चगेट गाठणाऱ्या वसईच्या तरुणावर क्रूसावर जाण्याची वेळ येणार नाही. नकार पचवण्याची, दुसऱ्या कामात शिरण्याची, ज्यांनी दार उघडले नाही त्यांच्याबद्दल कडवटपणा न धरता मूळ ओढीकडे परतण्याची वेळ मात्र हमखास येते. शिवाय गोन्सालो यांच्याकडे पद नव्हते. त्यांच्याकडे होती ती मेहनतीने कमावलेली परकी भाषा, आणि दुसऱ्यांचे म्हणणे नीट पोहोचवण्याचे काम, ज्याचे श्रेय बहुतेकदा बोलणाऱ्यालाच मिळते.

१८६२ च्या घोषणेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६२ मध्ये, नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांचे ब्राँझचे स्मारक उभे राहिले. तिथे ‘आणि सहकारी’ असे कोणी नाही. प्रत्येकाची वेगळी आकृती आहे, आणि त्यातली एक वसईच्या ब्रदरची आहे.