नादाला खेळ म्हणू नका

आमच्या खेड तालुक्यात बैलगाड्याला कुणी खेळ म्हटल्याचं मी लहानपणी कधी ऐकलं नाही. खेळ म्हणजे हुतूतू, खेळ म्हणजे विटीदांडू, फार तर यात्रेतल्या कुस्त्या. गाडा हा नाद. "त्याला गाड्याचा नाद हाय" असं चावडीवर कुणाबद्दल म्हटलं जायचं तेव्हा त्यात कौतुक असायचं. तेच वाक्य त्याच्या बायकोच्या तोंडी आलं की त्यातून गहाण पडलेलं वावर ऐकू यायचं. शब्द एकच. आता भोसरीपासून नाशिक रस्त्यानं वर निघालं की फ्लेक्सवर वेगळेच शब्द दिसतात. 'मर्दानी खेळ', 'रांगडा खेळ', 'महाराष्ट्राचा पारंपरिक क्रीडाप्रकार'. कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या आणि नादाचा खेळ झाला. माझं भांडण आहे ते इथून.

पुण्यात चाळीस वर्षं काढली तरी माझं अर्धं मन गावच्या घाटात असतं, त्यामुळं दोन्हीकडून शिव्या खायची मला सवय आहे. सोसायटीतल्या लोकांना मी बैलवाल्यांचा माणूस वाटतो आणि गावात गेलो की "आले पुण्याचे प्राणिमित्र" म्हणून स्वागत होतं. तेव्हा आधी शहरातल्या वाचकाला घाट म्हणजे काय ते सांगतो. घाट म्हणजे चढाची, दोन्ही बाजूंनी माणसं दाटलेली मातीची धाव. आमच्या उत्तर पुण्यात, म्हणजे खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, मावळ या पट्ट्यात, गाड्याला चार बैल असतात. दोन धुरेला, दोन पुढं जुकाटाला. गाड्यात माणूस बसत नाही. पुढं घोडी पळते, तिच्यावर स्वार. मागून आरडाओरडा, निवेदकाचं "भिर्रर्रर्र", आणि बारा-तेरा सेकंदांत बारी संपलेली असते. सेकंदाच्या काट्यावर नंबर ठरतात, पहिला येईल तो घाटाचा राजा. सातारा-सांगलीकडं दोनच बैल आणि हलक्या छकड्यावर हाकणारा, विदर्भात शंकरपट. तऱ्हा निराळ्या, पण बैल सगळीकडं सारखाच.

आता खेळाचं बोलू. खेळात खेळणाऱ्याला खेळ सुरू असल्याचं ठाऊक असतं. पैलवानाला आखाड्यातून बाहेर पडता येतं, हरलो म्हणता येतं, उद्या लंगोट खुंटीला टांगता येतो. बैलाला जू खांद्यावर पडल्याचं कळतं, पाठीमागं काहीतरी आहे एवढं कळतं. आपण हवेलीच्या गाड्याला हरवायला निघालोय हे त्याला कळत नाही. जिंकल्यावर गुलाल मालकाच्या टोपीवर पडतो. मग खेळाडू कोण? मालक म्हणावं तर तो पळत नाही. बैल म्हणावं तर तो खेळत नाही.

माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, यावर म्हणायचे, "आरं, बैल आनंदानं पळतो. दावं सोडल्यावर शेपूट वर करून कसा उधळतो बघ की." ते खरंच आहे. सकाळच्या उन्हात मोकळा सोडलेला खोंड उधळतो, ती मजा मीही डोळे भरून पाहिली आहे. पण तो मोकळा असतो म्हणून उधळतो, आणि चार ढांगा टाकून गवताला लागतो. नानांना म्हटलं, घाटात मागची माणसं काढा, आवाज बंद करा, हात रिकामे ठेवा, आणि बघा चार बैल वरपर्यंत जातात का. नाना हुशार. म्हणाले, "मग पोरं तरी शाळेत आपणहून जात्यात का?" मंडळी हसली. मीही हसलो. पण पोराला शाळेचा उपयोग पोराला होतो, नाना. बैलाला बुलेटचा काय उपयोग?

बंदी आली ती एकदम आली नाही. 11 जुलै 2011 ला केंद्रानं अधिसूचना काढून ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्या यादीत बैल घातला. सिंह, वाघ, अस्वल, माकड यांच्या पंक्तीला आमचा सर्जा जाऊन बसला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. बैल हा ओढकामाचा प्राणी, त्याची शरीररचना पळण्यासाठी नाही, असं त्यात म्हटलं होतं. 2017 च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर माणसांचा पूर लोटला, तमिळनाडूनं कायदा बदलला, त्यामागोमाग कर्नाटकानं आणि आपल्या विधिमंडळानंही बदलला. तरी मुंबई उच्च न्यायालयानं गाडा अडवून धरला. मग सरकारनं पशुवैद्यांची समिती नेमून बैल पळू शकतो असा अहवाल तयार करून घेतला. बैल पळू शकतो हे सांगायला समिती लागली, यावर आमच्या गावात आठवडाभर करमणूक झाली. अखेर 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं नियम पाळून शर्यतीला परवानगी दिली, आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

या शेवटच्या निकालाबद्दल घाटावर एवढा गुलाल उधळला गेला, पण तो टेकलाय कशावर हे थोड्यांनीच पाहिलं. तो टेकलाय परंपरेवर. ही आपल्या संस्कृतीचा भाग आहे असं विधिमंडळानं ठरवलंय, त्यात आम्ही पडत नाही, आणि नव्या नियमांनी जनावराचे हाल कमी होतात, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे कोर्टात संस्कृती आणि फ्लेक्सवर खेळ! स्पेनमधले लोक या बाबतीत आपल्यापेक्षा सरळ. तिथं भाल्या-तलवारीनं बैल मारतात, ते क्रौर्य आपल्या घाटाच्या कैक पट आहे, तुलनाच नको. पण त्याची बातमी तिथली वर्तमानपत्रं खेळाच्या पानावर छापत नाहीत, संस्कृतीच्या पानावर छापतात, आणि 2013 साली तिथल्या संसदेनं त्याला सांस्कृतिक वारसा म्हणूनच कायद्यात घातलं. आपल्या शेजारी गोव्यात धिरयो होते, बैलाशी बैल झुंजवायचे. 1996 साली उच्च न्यायालयानं ती बंद केली, तरी चोरून होतेच. तिथंही समर्थक आलटून पालटून खेळ आणि परंपरा हे दोन्ही शब्द वापरतात. एक अडला की दुसरा.

बरं, परंपराच म्हणा. मग परंपरा कोणती तेही बघू. सत्तरच्या दशकात आमच्या आबांची जोडी वर्षभर नांगराला, कुळवाला, गाडीला असायची आणि चैत्रातल्या यात्रेला एक दिवस पळायची. बक्षीस म्हणजे ढाल, फेटा, नारळ. पराणी तेव्हाही होती, हे लपवत नाही. बाभळीच्या काठीच्या टोकाला खिळा. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आई गोठ्यात कंदील घेऊन जायची आणि बैलाच्या मागच्या अंगावर हळद-तेल लावत बसायची. कातडी थरथरायची. आबा उंबऱ्यात विडी ओढत उभे. आई त्यांच्याकडं न बघता बोलायची, "गुलाल तुमच्या टोपीला अन् हळद ह्याच्या पाठीला." आबा काही बोलत नसत. त्या दिवशी ते बैलाला जू लावत नसत, आणि भाकरी आधी त्याला घालून मग आपण जेवत. त्यानं क्रौर्य फिटत होतं असं नाही. पण ज्याला रोज वैरण घालायची, ज्याच्या जिवावर घर चालायचं, त्याच्या डोळ्याला डोळा द्यावा लागायचा.

आमच्याकडं पोळा भाद्रपदात. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळून त्याच्या कानात सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलाला अहोजाहो! ज्या संस्कृतीनं जनावराला जेवणाचं निमंत्रण द्यायची रीत लावली, तिचं नाव घेऊन त्याच जनावराच्या शेपटीला दात लावायचे, त्याला बॅटरीचा झटका द्यायचा. सगळे देतात असं मी म्हणत नाही. जीव लावणारे गाडामालक मला ठाऊक आहेत. स्वतःच्या पोराला न मिळणारी उडदाची डाळ आणि खारीक बैलाला चारणारे आहेत. पण बक्षिसं वाढली तशी पराणी तीक्ष्ण झाली. 2022 च्या मे महिन्यात पुण्याला खेटून असलेल्या चिखलीच्या घाटात जेसीबी बक्षीस होता. जेसीबी! ज्या यंत्रानं बैलाची जमीन उकरून तिथं इमारती उभ्या केल्या तेच यंत्र त्याच्या पळण्याचं इनाम. आणि तो बैल आता औताला नाही, गाडीला नाही, वर्षभर फक्त पळायलाच. त्याची किंमत लाखांत. एवढी रक्कम बारा सेकंदांवर लागलेली असताना हात रिकामे राहतील अशी अपेक्षा करायला फार भोळं असावं लागतं.

इथवर वाचून कोथरूडचा वाचक खूष झाला असेल. त्यालाही थोडं सांगतो. पावसाळ्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर घोडे पळतात. चाबूक असतो, पैसे लागतात, पाय मोडतात. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घोड्यांची शर्यत हा जुगार नव्हे, त्यात कौशल्य आहे. 2011 च्या त्या यादीत घोडा नाही. वर्तमानपत्रं त्याची बातमी खेळाच्या पानावर देतात. हॅट घातलेल्या माणसाचा तो खेळ आणि टोपी घातलेल्याचं ते क्रौर्य, हे गावाला दिसत नाही असं समजू नका. बंदीच्या काळात पहाटे माळावर चोरून गाडे पळवणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल झाले तेव्हा त्यांनी मला हाच प्रश्न विचारला होता. मी त्यांना म्हणालो, घोड्यालाही कुणी विचारलेलं नाही, तोही खेळ नव्हे. पण त्यावरून बैलाच्या पाठीवरचा वळ पुसला जात नाही. दुसऱ्याच्या घरची चोरी दाखवून आपली चोरी फिटत नसते.

खिल्लार वाचलं ते शर्यतीमुळं, हा मात्र सगळ्यात भारी मुद्दा आहे आणि शहरातल्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये. ट्रॅक्टर आल्यावर बैल दावणीला ठेवायला शेतकऱ्याकडं कारण उरलं नाही. ज्या गोठ्यात आज खिल्लार खोंड दिसतो तिथं तो बहुधा घाटासाठीच आहे. पण पळतो तो वाचतो. जो पळत नाही त्याचं काय? 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हातारा बैल विकता येत नाही, पोसवत नाही. तो कुठं जातो? गोशाळेत, रस्त्यावर, की रात्रीच्या टेम्पोत? घाटाच्या राजाचा फोटो मोबाईलवर फिरतो, सहा वर्षांनी तो कुठं आहे हे मी विचारतो तेव्हा लोक दुसरीकडं बघतात. वाण वाचवायचं तर वळू पाळा, गाई पाळा, त्यासाठी सरकारकडं पैसे मागा, मी मोर्चात पुढं चालेन. पराणीनं वाण सुधारत नाही.

आणि तरीही मी बंदी मागत नाही. बंदीची ती वर्षं मी पाहिली आहेत. गाडे थांबले नाहीत, अंधारात गेले, आणि अंधारात डॉक्टर नसतो. मला हवं ते कायद्यात आधीच लिहिलेलं आहे. डॉक्टरची तपासणी, पराणी-बॅटरीला मनाई, नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. निवेदक ओरडून हे नियम वाचतो आणि त्याच दमात "उचला, उचला" म्हणतो.

गेल्या यात्रेआधी गावच्या कमिटीच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. एक, ज्या बारीत कुणी बैलाला हात लावला ती बारी जागेवर बाद करायची, मालक कुणीही असो. दोन, पळणाऱ्या प्रत्येक बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वहीत लिहायचा आणि पाच वर्षांनी त्याच वहीवरून मालकाला विचारायचं, बैल कुठं आहे? पहिल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. दुसऱ्यावर एक जण म्हणाला, "पाच वर्षांनी आमदार कुठं असतो ते कुणी इचारत नाय, अन् तुम्ही बैल इचारताय." सगळे हसले, चहा आला, विषय वर्गणीवर गेला. वही मात्र मी घेऊन ठेवली आहे. चैत्रात पुन्हा जाणार आहे, या वेळी घाटाच्या तोंडाशी, जिथं जू लावतात तिथं बसेन म्हणतो.