नोबेल रॉसला, एक आणा हुसेन खानला

डॉ. रोनाल्ड रॉस आम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटले. इंग्रजांच्या वैद्यकीय सेवेतले अधिकारी. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्यांनी डास फाडला आणि त्याच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू पाहिले. १९०२ साली नोबेल. त्यांची जिद्द आम्ही नाकारीत नाही. मध्येच राजपुतान्यात खेरवाड्याला बदली झाली, तरी ते हटले नाहीत.

पण त्या डासाच्या पोटात रक्त कोणाचे होते? हुसेन खान या हिवतापाच्या रोग्याचे. डास चावून घ्यायचा आणि एका डासामागे एक आणा घ्यायचा! पुढे कलकत्त्यात डास धरायला महंमद बक्ष होता. ही नावे खुद्द रॉस यांनी नोंदवली, म्हणून कळली तरी. शाळेच्या पुस्तकात ती आम्हाला भेटली नाहीत.

आज डेंग्यूची साथ आली की पाठीवर पंप बांधून फवारणी करणारा, नाल्यात उतरणारा पोरगा आपल्याच वस्तीतला असतो. बहुधा कंत्राटी. हातमोजे मिळतीलच असे नाही. तोच तापाने पडला तर त्या दिवसांचा पगार कोण देणार? साथ ओसरल्यावर सत्कार साहेबांचा होतो. फवारणी कामगारांना कायम कधी करणार, हे महापालिकांनी पावसाळ्याआधी सांगावे.