जयंती एक, तारखा चार

२०२३ साली आपण वैशाख पौर्णिमा ५ मे रोजी साजरी केली. त्याच वर्षी जपानमधील बौद्धांनी भगवान बुद्धांची जयंती ८ एप्रिलला केली, हाँगकाँगमध्ये ती २६ मे रोजी झाली आणि दक्षिण कोरियात २७ मे रोजी. कोणी म्हणेल, या लोकांचे आपसातच जमत नाही. तसे नाही. हा सगळा हिशेबाचा प्रकार आहे, आणि हिशेब म्हटला की माझ्यासारख्या कारकुनाला राहवत नाही.

चीन, कोरिया, व्हिएतनाम या देशांत जुने सण चंद्राच्या महिन्याने चालतात. अमावास्या होते तो दिवस महिन्याचा पहिला. चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी बुद्धजन्म, ही चीन-कोरियातली जुनी परंपरा. आता चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याच्या वर्षाला लागतात ३६५. ही ११ दिवसांची तूट भरण्यासाठी १९ वर्षांत ७ महिने जादा घालावे लागतात. आपल्याकडे यालाच धोंड्याचा महिना म्हणून जावयाला वाण देतात. (ते आपण सोडले, बरे झाले; पण त्यामागचे गणित खोटे नाही.) २०२३ साली त्यांचा जादा महिना मार्च-एप्रिलमध्येच पडला, आपला श्रावणात, म्हणजे जयंती होऊन गेल्यावर. म्हणून ते तीन आठवडे मागे राहिले. एरवी त्यांचा दिवस बहुधा आपल्या पौर्णिमेच्या आठवडाभर आधी येतो. २०२४ साली त्यांची जयंती १५ मे, आपली २३ मे.

मग हाँगकाँग आणि कोरियात एका दिवसाचा फरक कशाने? त्या महिन्याची अमावास्या हाँगकाँगच्या घड्याळात १९ मेच्या रात्री ११ वाजून ५३ मिनिटांनी झाली. कोरियाचे घड्याळ एक तास पुढे. तिथे मध्यरात्र उलटून २० तारीख लागलेली होती. सात मिनिटांनी अख्खा महिना सरकवला!

जपानने मात्र चंद्राचा हिशेबच मोडीत काढला. १८७२ च्या अखेरीस सरकारने हुकूम काढला की चालू वर्षाचा बारावा महिना दोनच दिवसांचा, तिसरा दिवस म्हणजे १ जानेवारी १८७३. सरकारी नोकरांना तेव्हा दरमहा पगार सुरू झालेला होता, आणि पुढचे वर्ष जुन्या हिशेबाने तेरा महिन्यांचे होते. त्या दोन दिवसांच्या महिन्याचा पगार दिला नाही, तेरावा महिनाही गेला. तिजोरीत खडखडाट असलेल्या सरकारचे दोन पगार वाचले. कारकून मंडळींनी त्या महिन्यात उधारी कशी भागवली असेल, कोण जाणे! पुढे बुद्धजयंतीही इंग्रजी ८ एप्रिलला ठरली. त्या दिवशी विहारात बालबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात. लहान मुलांना हे काम फार आवडते.

कोरियाने मात्र चंद्राचा दिवस धरून ठेवला. तिथे १९७५ पासून या दिवशी सार्वजनिक सुटी आहे. सोलच्या रस्त्यांवर कागदी कंदिलांच्या रांगा निघतात. आणि २७ मे २०२३ ला शनिवार होता. हक्काची सुटी शनिवार-रविवारात बुडू नये म्हणून सरकारने बुद्धजयंतीला त्याच वर्षी पहिल्यांदा बदली सुटीचा नियम लावला, आणि सोमवारी, २९ मे रोजी, सुटी दिली. आपल्याकडे जयंती रविवारी आली, की सुटी गेलीच.