मुलाम्याची तार

आमच्या व्यापारी बांधवांच्या दुकानात विजेच्या वायरिंगइतकीच आणखी एक वायरिंग आता जरुरीची झाली आहे. बिलाचा संगणक, जीएसटीचा हिशोब, मालाबरोबर पाठवावयाचे ई-वे बिल, गल्ल्यावरचा कॅमेरा, गोदामातला प्रिंटर, हे सगळे ज्या निळ्या किंवा करड्या रंगाच्या तारेवर चालते तिला बाजारात लॅन केबल म्हणतात. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा ते टेलिफोनच्याच तारेवरून यायचे आणि तारेबद्दल गिऱ्हाइकाने विचार करण्याचा प्रश्नच नव्हता. आता प्रश्न आहे. तरीही आमचा दुकानदार कॅमेरा घेताना चार दुकाने हिंडतो, संगणक घेताना मुलाला बरोबर नेतो, आणि तार मात्र "तुमच्याकडची लावा" म्हणून वायरमनवर सोपवून मोकळा होतो.

याचा परिणाम काय होतो ते आमच्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याने अनुभवले. त्यांनी दुकानात आणि लागून असलेल्या लांबलचक गोदामात आठ कॅमेरे बसविले. वीजही त्याच तारेतून जाणारे, त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा प्लग नको. दिवसभर सगळे ठीक चाले. इशाच्या नमाजनंतर शटर खाली ओढले, अंधार झाला, की गोदामाच्या शेवटचे दोन कॅमेरे बंद-चालू, बंद-चालू व्हायचे. ज्या वेळेसाठी कॅमेरे घेतले त्याच वेळी ते आंधळे! प्रथम कॅमेरे बदलले. मग स्विच बदलला. तिसऱ्या खेपेस आलेल्या एका वयस्क कारागिराने काहीच बदलले नाही. त्याने तारेचे टोक सोलले, आतली एक बारीक वायर घेतली आणि ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला आणि आत पांढरा धातू दिसला. ॲल्युमिनियम!

या मालाला बाजारात सीसीए म्हणतात, म्हणजे तांब्याचे आवरण चढविलेले ॲल्युमिनियम. आमच्या जरीकामाच्या कारागिरांना असली जर आणि नकली जर यांतला फरक सांगावा लागत नाही. दागिन्यांवर मुलामा देणाऱ्यांनाही नाही. ही तारेची नकली जर आहे. बॉक्सवर मोठ्या अक्षरांत 'कॅट सिक्स' छापलेले असते, आणि सीसीए ही तीन अक्षरे एक तर अगदी बारीक असतात किंवा नसतातच. वस्तुतः कॅट फाइव्ह-ई आणि कॅट सिक्स ही नावे ज्या टीआयए मानकातून आली, त्या मानकाप्रमाणे आतला धातू तांबेच असावा लागतो. म्हणजे मुलाम्याच्या तारेला ते नाव लावण्याचाच अधिकार नाही.

रात्रीच कॅमेरे का बंद पडत होते ते समजून घेण्यासारखे आहे. अंधार झाला की कॅमेऱ्यातले न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे लागतात आणि तो अधिक वीज ओढतो. त्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत मुलाम्याची तार विजेला सुमारे दीडपट अडवते. जवळच्या कॅमेऱ्याला ते जाणवत नाही. सत्तर-ऐंशी मीटरवरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचेतो दाब इतका उतरतो की कॅमेरा तग धरू शकत नाही, आणि अडलेल्या विजेची उष्णता तारेतच राहते. दहा-बारा तारांची जुडी पाइपात कोंबलेली असेल तर ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

येथे विक्रेत्यांची बाजूही सांगितली पाहिजे. "सिग्नल तारेच्या वरच्या थरावरूनच धावतो, आत काय आहे याला महत्त्व नाही," असे ते म्हणतात, आणि हे अगदीच खोटे नाही. फार जलद बदलणारा प्रवाह खरोखर वाहकाच्या पृष्ठभागाजवळून जातो. म्हणूनच टीव्हीच्या गोल केबलमध्ये तांबे चढविलेले पोलाद वापरतात व तो दोष मानला जात नाही. पण कॅमेऱ्याला जाणारी वीज एका दिशेने वाहणारी असते. तिला पूर्ण जाडी लागते. शिवाय ॲल्युमिनियम ठिसूळ असते. सॉकेटमध्ये दाबताना, कोपऱ्यात वळवताना ते तडकते, आणि तड बाहेरून दिसत नाही.

मग गिऱ्हाइकाने ओळखावे कसे? खरवडून पाहणे हा पहिला उपाय. लोहचुंबक लावून पाहावे, चिकटला तर आत पोलाद आहे. तिसरा उपाय आमच्या बाजाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: तराजू. कॅट सिक्सची एक वायर साधारण 0.57 मिलिमीटर जाडीची, अशा आठ, आणि बॉक्समध्ये 305 मीटर म्हणजे 1000 फूट. हिशोब मांडला तर नुसते तांबेच साडेपाच किलोच्या आसपास भरते, प्लॅस्टिक वेगळे. मुलाम्याच्या तारेत तांबे आकारमानाने दहा टक्के धरले तर धातू दोन किलोच्या आसपासच भरतो. एका हाताने सहज उचलला जाणारा बॉक्स स्वस्त मिळत असेल तर त्याच्या स्वस्ताईचे कारण हातालाच कळते. आणखी एक पाहावे. केबलवर ठराविक अंतराने लांबीचे आकडे छापलेले असतात. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वजा केला की 305 मीटरच्या पैशात किती मीटर मिळाले ते निघते.

मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, ती आमच्या वाचकांना माहीत आहे. धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषित मुहम्मद (स.) यांना आत ओलावा लागला आणि पावसाने भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी धान्यवाल्यास विचारले, ही हदीसही माहीत आहे. आमचे म्हणणे एवढेच की ती हदीस धान्यापुरती नाही. मुलाम्याची तार विकणे गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. चार दिवसांच्या मांडवासाठी कुणी ती मागितली तर खुशाल द्यावी. पण ती तिच्या नावाने विकावी. बिलावर 'लॅन केबल 1 बॉक्स' असे मोघम लिहून तांब्याचा भाव घेणे हे वरचे कोरडे धान्य दाखवून खालचे ओले विकण्यासारखे आहे. 'शुद्ध तांबे' हे दोन शब्द बिलावर लिहायला शाई किती लागते? जो लिहावयास कचरतो त्याच्याकडून घेऊ नये. आणि आमच्या गिऱ्हाइकांनीही पक्के बिल मागण्याचा आळस सोडावा. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाची तक्रार कुठे नेणार?

आता दोन शब्द आमच्या कारागीर मुलांसाठी. विजेचे काम करणारी आमची पुष्कळ मुले या कामात शिरत आहेत आणि रोजी चांगली आहे. परंतु विजेच्या वायरिंगची सवय येथे घात करते. विजेची तार तुटली तर पीळ देऊन टेप गुंडाळली की काम भागते. लॅन केबलमध्ये असा जोड चालत नाही. तिच्या आठ वायरी चार जोड्यांत पिळलेल्या असतात, आणि हा पीळ शोभेचा नाही. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने 1881 साली टेलिफोनसाठी त्याचे पेटंट घेतले होते. जोडीतल्या दोन्ही वायरींवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडतो, आणि पलीकडचे यंत्र दोघींतला फक्त फरक वाचते, म्हणून गोंगाट वजा होतो. पीळ उलगडला की हे गणित बिघडते. टोकाला अर्ध्या इंचाहून जास्त पीळ सोडू नये, आणि मध्ये जोड देण्याऐवजी सबंध नवी केबल ओढावी.

रंगांच्या बाबतीत सर्वांत जास्त चूक होते. पुष्कळ मुले निळी जोडी, नारिंगी जोडी, हिरवी जोडी, तपकिरी जोडी अशी ओळीने लावतात. दोन्ही टोकांना सारखेच लावले म्हणजे झाले, असा समज. दिव्यांचा छोटा टेस्टर लावला तर आठही दिवे लागतात! पण तो टेस्टर वायर तुटली आहे की नाही एवढेच सांगतो, पीळ योग्य जोडीत राहिला की नाही हे त्याला समजत नाही. नियमाचा क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. तिसऱ्या आणि सहाव्या जागी हिरवी जोडी फोडून लावलेली असते, आणि घोळ होतो तो तिथेच. गिऱ्हाइकाने मोठ्या वेगाचे कनेक्शन घेतले आणि वेग 100 च्या अलीकडेच अडून बसला तर कंपनीला शिव्या देण्यापूर्वी टोके तपासावीत. निळी किंवा तपकिरी जोडी सुटली तरी काम चालू राहते, फक्त 100 वर येऊन थांबते.

केबल बैलासारखी ओढू नये. अकरा किलोच्या वर ताण दिला की आतले पीळ सैलावतात. विजेच्या तारेबरोबर एकाच पाइपात घालू नये. खर्च वाचतो म्हणून गिऱ्हाईकच तसे सांगतो, तेव्हा कारागिराने नाही म्हणावे.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागाच्या शेडची गोष्ट निराळी आहे. मोटारींचा विद्युत गोंगाट, सततची थरथर आणि सुताचा भुगा. कुणी तेथे जाळीचे आवरण असलेली महाग केबल सुचवितो. ती उपयोगी आहे, पण तिचे आवरण नीट अर्थिंगला जोडले तरच, आणि आमच्या शेडमधल्या अर्थिंगची स्थिती मालकांनाच ठाऊक. आमच्या मते लांबच्या शेडपर्यंत फायबर टाकावी. काचेच्या तंतूवर मोटारीचा परिणाम होत नाही. दोन वेगळ्या इमारती जोडताना तर फायबरच टाकावी. तांब्याची तार पावसाळ्यात वीज कडाडली की तिचा झटका थेट संगणकात आणते.

घरांचे म्हणाल तर रत्नागिरी-रायगडकडे जांभ्याच्या जाड भिंतींची घरे आहेत, आणि मुलगा कुवेतहून किंवा दुबईहून बोलतो तेव्हा चेहरा अडकून बसतो. त्यावर आणखी एक वायफायचा डबा आणणे हा उपाय नव्हे. माळ्यापर्यंत एक तांब्याची केबल नेऊन तेथे डबा बसवावा. बाहेरून नेताना काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची घ्यावी. घरातली साधी केबल कोकणातल्या उन्हापावसात काही वर्षांतच फुटते. नवे घर बांधताना भिंतीत रुंद पाइप टाकून त्यात ओढण्यासाठी एक दोरी सोडावी. प्लॅस्टर झाल्यावर भिंत फोडण्याचा खर्च ज्याने केला आहे त्याला ही दोरी किती मोलाची ते सांगायला नको.

कॅट सातची, कॅट आठची पट्टी म्हणून जे विकतात त्याच्या मागे लागू नये. कॅट आठ हे मोठ्या सर्व्हरखोल्यांसाठी, तीस मीटरपर्यंतचे मानक आहे. किराणा दुकानात त्याचे काय काम? शुद्ध तांब्याची कॅट सिक्स 100 मीटरपर्यंत एक गिगाबिट वाहून नेते, आणि अनुकूल स्थितीत सुमारे पंचावन्न मीटरपर्यंत दहा गिगाबिट. दुकान-घराला एवढे पुरे. स्विच पाच वर्षांनी बदलेल, राउटर त्याआधी. भिंतीतली तार मात्र पंधरा-वीस वर्षे तेथेच राहणार. पैसे वाचवायचेच असतील तर स्विचमध्ये वाचवावे.

त्या कापड व्यापाऱ्यांनी सगळी केबल काढून तांब्याची घातली. कॅमेरे जुनेच आहेत आणि रात्रभर चालतात. काढलेली तार आणि उरलेला अर्धा बॉक्स कुणी तरी विकत घेऊन दुसरीकडे लावण्यास तयार होते, पण त्यांनी ते दिले नाही, भंगारात घातले. भंगारवाल्याने पोत्यातून एक वायर उपसली, सुरी फिरविली, आणि तांब्याचा भाव देण्यास साफ नकार दिला.