पडद्याचा दोष, पोराची हजेरी

लग्नसराईत आपल्या कॉलेजातली बरीच मुले छायाचित्रकारांच्या हाताखाली फ्लॅश धरायला जातात. छत्री लावलेला फ्लॅश उंच धरायचा, 'मागे हो', 'वर धर' ऐकायचे आणि रात्री हजेरी घ्यायची. पुढे फोटोंच्या कडेला काळा पट्टा दिसला, की कापली जाते ती याच पोराची हजेरी! माझ्या मते हा उघड अन्याय आहे आणि तो अज्ञानावर पोसला जातो.

हा पट्टा येतो कसा? कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकला की प्रकाश आत येतो. दुसरा मागून येऊन वाट बंद करतो. साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत एक क्षण असा मिळतो, की पूर्ण चौकट उघडी असते. फ्लॅश नेमका तेव्हाच पडला पाहिजे. ही मर्यादा म्हणजेच सिंक स्पीड. वेग त्यापुढे नेला, की पहिला पडदा टोकाला पोचण्याआधीच दुसरा निघतो आणि मध्ये उरते ती सरकती फट. फ्लॅशचा लखलखाट डोळ्याचे पाते लवण्याआधीच संपतो. त्या वेळी पडद्याआड असलेला भाग काळा राहतो. यात फ्लॅश धरणाऱ्याने काय करावे? शटरचा आकडा त्याच्या हाती नसतोच.

कॅमेऱ्यावर बसवलेला त्याच कंपनीचा फ्लॅश असला, तर कॅमेरा बहुधा वेग वाढवू देत नाही. साधा रेडिओ ट्रिगर मात्र फक्त 'पेट' एवढाच निरोप पोचवतो. फ्लॅश जोडला आहे हे कॅमेऱ्याला कळतच नाही, मग तो अडवणार कसा? शिवाय निरोपाला किंचित उशीर होतो, म्हणून कधीकधी वेग १/१६० पर्यंत खाली आणावा लागतो.

'हाय-स्पीड सिंक घ्या' असे दुकानदार सांगतात. त्यात फट सरकेपर्यंत फ्लॅश भराभर लुकलुकत राहतो खरा, पण त्याचा जोर फार घटतो. आणि गरज पडते ती नेमकी भर दुपारच्या उन्हात! २०२३ साली सोनीने पडद्याची ही अडचणच नसलेला कॅमेरा जाहीर केला, पण त्याची किंमत लाखांत. तो आमच्याकडच्या मांडवात येईल तेव्हा येईल.

आपल्याकडे छायाचित्रणावर बोलताना 'दृष्टी', 'रचना', 'क्षण' हे शब्द फार. यंत्राचे नाव काढले की 'ते सायन्सवाल्यांचे'. मला हे पटत नाही. ज्याच्या घरात कधी कॅमेराच नव्हता, त्याला ही गोष्ट सांगणार कोण? आणि ती माहीत नसेल, तर मालकापुढे तो काय बोलणार?

यासाठी मोठा खर्चही नको. जुना रोलचा कॅमेरा मिळवावा, मागचे झाकण उघडावे, फ्लॅश जोडून भिंतीकडे रोखावा आणि मागून पाहत खटका दाबावा. १/६० ला उजळलेली पूर्ण चौकट दिसते, १/५०० ला तिचा एक तुकडा. आमच्या प्राध्यापकांनी पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेचा पहिला तास यालाच द्यावा, आणि तो लग्नसराईच्या आधी घ्यावा.